वाचकांचे प्रश्न : पाना तोच, आटे वेगळे

प्रश्न : १९४७ची एमजी टीसी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार उघडली आहे. चॅसिसवर चपखल बसणारा अडीच सुती (५/१६ इंची) बोल्ट इंजिनात दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. डोकं तेच, पानाही तोच. मग चुकतंय कुठे? (वाचक, गिरगाव)

बोल्ट जोर लावून फिरवला नसेल तर बरं, कारण अशाने छिद्राचेच आटे मरतात. टीसीच्या चॅसिसवर बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे बारीक इंची आटे आहेत. तिच्या एक्सपीएजी इंजिनावर मात्र मेट्रिक बारीक आटे आणि त्यावर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची डोकी! एमजीची इंजिनं बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली ही मेट्रिक सवय.

५/१६ बीएसएफ आणि ८ × १.० मिमी (जाडी ८, पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर १.०), दोन्ही बोल्टांचं डोकं १३.३४ मिमी. १३चा पाना चढत नाही, १४चा कोपरे खातो. पाव इंची व्हिटवर्थ पाना हवा (हा आकडा व्हिटवर्थ बोल्टच्या जाडीचा, डोक्याचा नव्हे). पान्यावरून आटे कळणार नाहीत, ते मोजावेच लागतात. व्हर्नियरने दहा आट्यांचं अंतर घ्या : १०.० मिमी आलं तर मेट्रिक १.०, ११.५ आलं तर बीएसएफ, १०.६ आलं तर यूएनएफ (अमेरिकी बारीक इंची आटे), १२.५ आलं तर आजचा साधा ८ मिमी बोल्ट. हाताशी पिच गेज (आट्यांवर ठेवून पिच ओळखायची दातेरी पट्टी) असेल तर उत्तमच, पण मेट्रिक आणि यूएनएफचा कोन ६०°, बीएसएफचा ५५°. दोन्ही गेज लागतील.

गाडीतून निघालेला बोल्ट मूळचाच आहे असं धरू नका. पंचाहत्तरहून जास्त वर्षांत कितीजणांनी काय काय ठोकलं असेल! खरं माप छिद्र सांगतं. आधी रॉकेलने धुवा. मग आटे साफ करायला नवा टॅप (छिद्रात आटे पाडायचं हत्यार) न वापरता, त्याच आट्याच्या चांगल्या बोल्टला उभी खाच पाडून तो हाताने फिरवा. टॅप धातू खरवडतो, खाचेचा बोल्ट फक्त घाण काढतो.

दुकानात 'अडीच सूत' म्हणू नका. ८ मिमी आणि ५/१६ दोन्ही त्याच नावाने मिळतात. नमुना न्या, नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहा. ८ × १.० ची डाय (बोल्टवर आटे पाडायचं हत्यार) सहज मिळते, अडचण डोक्याची. १४ मिमी षटकोनी बारची बाजू १३.३४ वर आणून टर्नर बोल्ट करून देईल, पण तो फक्त झाकणं आणि ब्रॅकेटांसाठी. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट असे करून घेऊ नयेत, जुनेही परत घालू नयेत.

प्रश्न : फियाट ११०० चे सगळे बोल्ट स्टेनलेसचे करू का? पावसात गंज थांबत नाही. (वाचक, दादर)

बंपर, नंबर प्लेट इथे खुशाल. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक इथे नको. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० मेगापास्कल, ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टची ८००. कायमचं ताणलं जाण्याची मर्यादा तर ४५० विरुद्ध ६४०. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस घातलं तर मुंबईच्या खारट दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आणखी एक : फियाटचे बरेच १० मिमी बोल्ट १.२५ पिचचे आहेत, दुकानदार न विचारता १.५ देतो.