अमेरिकन आणि रशियन शिक्षकांनी मिळून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी एकत्र अभ्यासक्रम तयार केला, असं खरंच कधी झालंय का? ते काम प्रत्यक्षात कसं चालतं?

हो, झालंय. त्यातल्या एका अगदी छोट्या प्रयत्नात मी स्वतः होते. मी मूळची साताऱ्याची. गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-भूगोल शिकवते. २०११ ते २०१३ अशी दोन शालेय वर्षं रशियात व्होल्गा नदीकाठच्या एका शहरातल्या बाईंबरोबर मी सातवीसाठी सहा पाठ तयार केले. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता आणि परदेशातल्या एखाद्या शाळेबरोबर असं काही करायचं तुमच्या मनात आहे, असं प्रश्नाखाली लिहिलंय. म्हणून जुना इतिहास थोडक्यात सांगते आणि कामाबद्दल जास्त बोलते.

शीतयुद्ध चालू असतानाच, १९७७ साली, दोन्ही देशांतल्या अभ्यासकांनी एकमेकांची इतिहास-भूगोलाची शालेय पुस्तकं वाचायला घेतली. अमेरिकेकडून इंडियाना विद्यापीठ त्यात पुढे होतं. आपल्याबद्दल समोरच्या पुस्तकात काय चुकीचं छापलंय आणि काय गाळलंय, हे शोधून एकमेकांना सांगायचं, असं ते काम. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं तेव्हा ते अडलं आणि तिकडे गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यावर पुन्हा सुरू झालं. मग १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या १२ आणि मॉस्कोतल्या १२ शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. त्यातूनच पुढे ‘आयअर्न’ हे शाळांचं जाळं उभं राहिलं. आज ते शंभराहून जास्त देशांत आहे आणि भारतातलं त्याचं केंद्र पुण्यात आहे. तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता मला तरी हाच दिसतो.

आता आमचं. पहिले तीन महिने आमचे वाया गेले, आणि का गेले ते सांगायलाच हवं, कारण ही चूक सगळे करतात. दुसऱ्या महायुद्धावर दोन्हीकडे चालेल असा एकच पाठ लिहायचा, असं आम्ही ठरवलं होतं. मी एक वाक्य लिहायचे, त्या दुरुस्त करून पाठवायच्या, मी परत दुरुस्त करायचे. शेवटी हातात एक पान उरलं. त्यातलं कुठलंही वाक्य कुणालाच खटकलं नसतं, आणि ते वाचून कुठल्याही मुलाला काहीच कळलं नसतं. तेव्हा त्या बाईच म्हणाल्या, पाठ दोन असू देत, आपण प्रश्न एकच ठेवू. त्या दिवसापासून काम मार्गी लागलं. एकत्र अभ्यासक्रम म्हणजे एकत्र मजकूर नव्हे, हे मी कुणीही विचारलं तरी आधी सांगते. मजकुरावर एकमत करायला गेलात की जे शिकण्यासारखं असतं तेच आधी बाहेर पडतं.

त्यानंतर युद्ध आम्ही बाजूला ठेवलं आणि रोजच्या शाळेपासून सुरुवात केली. अमेरिकेत साधारण सहावी ते आठवी ही वेगळी ‘मिडल स्कूल’ असते, इमारतही बहुतेक वेगळी. रशियात असा तुकडा नाही. पाचवी ते नववी हा एक टप्पा, पहिलीपासून अकरावीपर्यंत बहुधा एकाच इमारतीत, आणि वर्गसोबतीही वर्षानुवर्षं तेच. सातवीत भौतिकशास्त्र, आठवीत रसायनशास्त्र असे स्वतंत्र विषय सुरू होतात, बीजगणित आणि भूमितीही सातवीपासून वेगवेगळी. शाळेला नावाऐवजी नंबर असतो. माझ्या मुलांना हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग ते दर वर्षी नवीन मित्र कसे करतात?” त्यांच्या मुलांचा प्रश्न नेमका उलटा होता: “तुमचा वर्ग दर तासाला का बदलतो? मग तुमचा वर्ग कुठला?” या दोन प्रश्नांवर आमचा पहिला पाठ उभा राहिला. त्यासाठी पुस्तकाची गरजच पडली नाही.

नावांच्या पाठात मला घरच्यासारखं वाटलं. रशियात शिक्षकांना आडनावाने हाक मारत नाहीत, स्वतःचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं नाव घेतात. वडील इव्हान असतील तर मुलगी इव्हानोव्हना आणि मुलगा इव्हानोविच. अमेरिकन मुलांना हे समजावताना माझ्या सहकाऱ्यांची दमछाक झाली. मी फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, मधलं वडिलांचं नाव अधोरेखित केलं आणि म्हटलं, आमच्याकडेही हेच आहे, फक्त हाक मारताना आम्ही ते गाळतो. तुमच्या मुलांना तर हे सांगावंही लागणार नाही, हजेरीपटावरचं प्रत्येक नाव तसंच असतं.

भागाकाराचा तास अजून डोळ्यांसमोर आहे. दोन्ही वर्गांनी ९८४ भागिले ८ हे एकच गणित वहीत मांडून त्याचा फोटो पाठवायचा होता. रशियन मुलांनी ९८४ डावीकडे लिहिले होते, उजवीकडे कोपऱ्यासारखी खूण करून त्यात वर ८ आणि त्याच्या खाली उत्तर. आमच्या मुलांनी भाजक डावीकडे आणि उत्तर डोक्यावर लिहिलं. एक मुलगा ठामपणे म्हणाला, त्यांचं चुकलंय. मी म्हटलं, उत्तर बघ. दोन्हीकडे १२३. तो बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत राहिला, मग त्याने रशियन मांडणी स्वतःच्या वहीत करून पाहिली आणि शेजारच्या मुलीला शिकवली. दशांश चिन्हाच्या जागी ते स्वल्पविराम देतात, हेही त्यानेच शोधून काढलं.

गुणांवरून गैरसमज झाला तो वेगळाच. रशियात ५ म्हणजे उत्तम, ३ म्हणजे जेमतेम, २ म्हणजे नापास. तिकडच्या एका मुलीने आनंदाने लिहिलं की मला इतिहासात पाच मिळाले. आमच्यातल्या एकीने मनापासून उत्तर लिहिलं, “वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या वेळी जास्त मिळतील.” शंभरपैकी पाच असं तिला वाटलं होतं. पाठवण्याआधी मी ते वाचलं म्हणून बरं. पण फुलांचं माझ्याही लक्षात आलं नाही. १ सप्टेंबरला रशियात शाळा सुरू होते आणि मुलं शिक्षकांसाठी फुलं नेतात, हे वाचून आमच्या मुलांनी मोठं शुभेच्छापत्र केलं आणि त्यावर गुलाबांचा गुच्छ काढला. मोजून बारा गुलाब, कारण अमेरिकेत गुलाब डझनावर घेतात. पत्र पोहोचल्यावर बाईंनी मला एकटीलाच हळूच लिहिलं की आमच्याकडे सम संख्येतली फुलं अंत्ययात्रेला नेतात. मला अतिशय ओशाळल्यासारखं झालं. आहेराच्या पाकिटात १०१ घालणाऱ्या घरात वाढलेल्या मला एक वर ठेवायचं शिकवावं लागायला नको होतं! त्यांच्या परवानगीने मी ते वर्गात सांगितलं. मुलांनी तेरावा गुलाब वेगळ्या कागदावर काढून, रंगवून, कापून पाठवला. बाईंनी तो पत्रावर चिकटवून फोटो पाठवला.

भूगोलासाठी आम्ही अलास्का घेतलं आणि तो निर्णय उत्तम ठरला. भिंतीवरच्या नकाशात अलास्का डाव्या टोकाला आणि रशियाचं पूर्व टोक म्हणजे चुकोत्का उजव्या टोकाला, त्यामुळे हे दोन देश जगाच्या दोन कडांना आहेत असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी नकाशा भिंतीवरून काढला, त्याची नळी केली आणि दोन कडा जुळवल्या. वर्ग एकदम गप्प झाला. बेरिंगच्या सामुद्रधुनीत मोठं डायोमीड बेट रशियाचं आणि धाकटं डायोमीड अमेरिकेचं, मध्ये जेमतेम चार किलोमीटर पाणी, आणि त्या पाण्यातून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, जिच्या पलीकडे तारीख बदलते. म्हणजे अमेरिकेच्या बेटावरून समोरच्या बेटावर उद्याचा दिवस दिसतो. रशियाने १८६७ साली अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकलं, हे दोन्ही वर्गांना माहीत होतं. कॅलिफोर्नियात १८१२ साली रशियनांनी फोर्ट रॉस नावाची वसाहत वसवली होती, हे मात्र माझ्या एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हतं. अलास्कात आधीपासून राहणाऱ्या लोकांना या खरेदी-विक्रीबद्दल कुणी विचारलं का, हा प्रश्न तिकडच्या एका मुलाने विचारला. आम्हा दोघींच्या आराखड्यात तो नव्हता. आम्ही तो घातला.

मग दुसऱ्या वर्षी पुन्हा युद्धाकडे आलो. प्रत्येक वर्गाने, पुस्तक न बघता, युद्धातल्या दहा घटना कागदाच्या पट्टीवर लिहायच्या. आमची पट्टी ७ डिसेंबर १९४१ ला, जपानच्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यापासून सुरू झाली. त्यांची २२ जून १९४१ ला, जर्मनीच्या सोव्हिएत संघावरच्या हल्ल्यापासून. आमच्याकडे दोस्त सैन्याचं फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरणं मोठ्या अक्षरात, त्यांच्याकडे स्टालिनग्राडची लढाई आणि लेनिनग्राडचा ८७२ दिवसांचा वेढा. दोन्ही पट्ट्यांत सारख्या निघाल्या फक्त दोन घटना. मग आकडे: सोव्हिएत संघाची माणसं गेली सुमारे २ कोटी ७० लाख, अमेरिकेची सुमारे ४ लाख. यावर मी काहीच बोलले नाही, नुसतं लिहून ठेवलं. पुढचा प्रश्न एकच होता: घरी विचारा, तुमच्या घरात या युद्धाचं काय शिल्लक आहे? तिकडच्या जवळपास प्रत्येक मुलाने एक फोटो आणला. एका मुलीने लिहिलं की पणजी सांगायची, तेव्हा मांसाचे डबे यायचे, त्यावरची अक्षरं तिला वाचता यायची नाहीत. ते डबे अमेरिकेचे होते. दोस्त देशांना युद्धात मदत पुरवायच्या अमेरिकेच्या लेंड-लीज योजनेखाली ट्रक, धान्य, डबाबंद मांस असं बरंच काही सोव्हिएत संघाला गेलं होतं. माझ्या मुलांनी ही योजना परीक्षेपुरती पाठ केली होती. त्या पत्रानंतर त्यांनी मला विचारलं, हे आपल्या पुस्तकात एवढ्या कोपऱ्यात का आहे? तिकडे बाईंच्या वर्गानेही त्यांच्या पुस्तकाबद्दल हेच विचारलं. आपल्याच पुस्तकाला मुलांनी प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी मी ही दोन वर्षं घालवली असती तरी मला चाललं असतं.

भाषेबाबतची कल्पना आम्ही अंतराळवीरांकडून घेतली. जुलै १९७५ मध्ये अपोलो आणि सोयुझ ही यानं अंतराळात जोडली गेली, तेव्हा अमेरिकन रशियनमध्ये बोलत होते आणि सोव्हिएत अंतराळवीर इंग्रजीत. ऐकणाऱ्याला समजावं ही जबाबदारी बोलणाऱ्याची. आमच्या मुलांना रशियन कुठून येणार! पण ३३ अक्षरांची सिरिलिक मुळाक्षरं ती शिकली, आणि प्रत्येक पत्राच्या पहिल्या दोन ओळी समोरच्याच्या भाषेत लिहायचा नियम होता. बाकी मजकूर आपापल्या भाषेत.

आज अमेरिका-रशिया अशी जोडी करणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेत शिकायला येणाऱ्या शाळकरी मुलांच्या फ्लेक्स योजनेतून रशिया २०१४ साली बाहेर पडला, २०१५ साली परदेशी संस्थांना ‘अवांछित’ ठरवून बंदी घालणारा कायदा तिकडे आला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर मोठा हल्ला झाल्यावर उरलंसुरलं संपलं. पत्र लिहिण्याचा धोका तिकडच्या शिक्षकाला असतो, मला नाही. म्हणून मी बाईंना लिहिणं थांबवलंय. ते मला रोज टोचतं, पण लिहीत नाही.

तुमच्यासाठी मात्र रस्ता मोकळा आहे, जोडीदार देश कुठलाही असू दे. आधी दोन्ही शाळांच्या सुट्ट्या आणि परीक्षा एका कागदावर मांडा. आम्हाला वर्षभरात खरा उपयोगाचा काळ मिळायचा तो नोव्हेंबरची त्यांची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, एवढाच. तुमची दिवाळीची सुट्टीही त्यात धरा. मुलांना समोरासमोर बोलवायच्या फंदात पडू नका. माझ्याकडे सकाळचे आठ म्हणजे तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच. त्यात २०११ साली रशियाने हिवाळ्यात घड्याळ मागे घ्यायचं बंद केलं, आमचं मात्र मागे गेलं, आणि आठ तासांचा फरक नऊ झाला. बाई बिचाऱ्या अंधारात तासभर रिकाम्या वर्गात वाट बघत बसल्या होत्या. पत्रं, फोटो, वहीची पानं यांवर भर द्या. मुलांचं फक्त पहिलं नाव जाऊ द्या, चेहऱ्याचे फोटो नकोत, पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. आणि समोरच्या शिक्षकाशी पहिला महिना मुलांशिवाय, नुसतं दोघांनीच बोला, अगदी घरादाराचं सुद्धा. आम्ही ते केलं नव्हतं, म्हणून बारा गुलाब गेले.