प्रस्तावात आधी ती खोली लिही

प्रिय बाळा,

वस्तीतल्या नशेवरच्या कामासाठीचा तुझा अनुदानाचा प्रस्ताव दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिली चार पानं 'नशामुक्त समाज' आणि 'जनजागृती' यांतच गेली, माणूस पाचव्या पानावर येतो. तुझ्या जागी मी असते तर आपल्या बेळगावच्या वडगावातल्या एका खोलीपासून सुरुवात केली असती.

मागाच्या शेडला लागून असलेली खोली. गल्ली मुद्दाम सांगत नाही. पोरगा तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला होता. पहिल्याच रात्री अफूच्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या पूर्वीएवढ्याच घेतल्या, वर दारू. आई मला म्हणाली, "मोठ्यानं घोरत होता. म्हटलं, किती दिवसांनी गाढ झोपलाय." तिने गोधडी पांघरली, दिवा घालवला, दार ओढून घेतलं. सकाळी ओठ निळे. मी पोचले तेव्हा गोधडी तशीच होती, मानेपर्यंत नीट ओढलेली.

त्या घोरण्यात त्याचा श्वास अडत होता. तीन महिने नशा सुटलेल्या शरीराला जुना डोस सोसत नाही. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यांत घातक. त्या माउलीला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला हलवून बघितलं असतं, कुशीवर वळवलं असतं, १०८ ला फोन केला असता. नालोक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा असर उलटवणारं औषध, देता येणारं कुणी जवळ असतं तर काही मिनिटांत श्वास परतण्याची आशा होती. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, त्यामुळे त्यानंतरही दवाखाना चुकत नाही. ज्यांच्या डोळ्यांदेखत ओव्हरडोस होऊ शकतो अशा लोकांच्या हाती हे औषध असावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून सांगते आहे. आपल्याकडे ते इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. म्हणून बजेटमध्ये डॉक्टरचं मानधन आणि प्रशिक्षण आधी मांड. बॅनर, टी-शर्ट आणि २६ जूनची, अमली पदार्थविरोधी दिनाची रॅली काढून टाक. त्या पैशात वस्तीत फिरणारी दोन माणसं वर्षभर राहत असतील तर ती ठेव. त्यातला एक तरी स्वतः नशेतून बाहेर आलेला असू दे, दार त्याच्यासाठी उघडतं.

आता पैसा कुठून. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाकडे ई-अनुदान पोर्टलवरून अर्ज जातो. त्यात निवासी केंद्राबरोबर ड्रॉप-इन केंद्राचीही, म्हणजे येऊन-जाऊन मदत घेण्याच्या जागेचीही सोय आहे, संस्थांच्या सरकारी नोंदणीचा, दर्पणचा नंबर मात्र आधी काढून ठेव. एड्स नियंत्रणाचा पैसा सुया बदलून देण्याला आणि ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे नशेऐवजी देखरेखीखाली द्यायच्या औषधाच्या उपचाराला मिळतो, पण तो इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी. गोळ्या आणि सिरपवाली आपली पोरं त्यात बसत नाहीत, ओढूनताणून बसवू नकोस. उद्यमबागेतल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे जाशील तेव्हा एवढं बघ: सीएसआरचा, म्हणजे नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चण्याचा नियम ज्यांना लागतो त्यांत ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफ्याच्या कंपन्या येतात, आणि तो पैसा घ्यायला संस्थेचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो. परदेशी निधीचा नाद सध्या सोड. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठी संस्था आपला परदेशी पैसा तुझ्या संस्थेकडे वळवू शकत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचं एक दुखणं तुला बाहेरचं कुणी सांगणार नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस दवाखान्याला बेळगावलाच येतो, कागलचा पोरगा निपाणीत हायवेवर कामाला असतो. अनुदान मात्र जिल्ह्याच्या, राज्याच्या हिशोबानं मोजलं जातं. तेव्हा लाभार्थी कुठला राहणारा यापेक्षा तो कुठे सापडला, हे धरून नोंद ठेवायची मुभा सुरुवातीलाच लेखी माग. आणि अर्ज कन्नडमध्ये गेला तरी घरी द्यायचं पत्रक मराठीतच छाप. आपल्या त्या आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही.

पोलिसांच्या भीतीनं लोक १०८ ला फोन करत नाहीत, हे मी कितीतरी घरांत ऐकलंय. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं ६४-अ कलम प्रशिक्षणात शिकव: व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे बायांना समजेल अशा शब्दांत, त्यांच्याच अंगणात बसून सांगायला हवं.

रविवारी ये, बजेटचा तक्ता घेऊन. आधी वडगावला त्या आईकडे जाऊ. तुला सांगायला तिने मला हो म्हटलंय, पण प्रस्तावात लिहायचं की नाही हे अजून विचारलेलं नाही. ते तू विचार. ती नाही म्हणाली तर ती खोली कागदावर येणार नाही, आणि आपण दुसऱ्या तऱ्हेने लिहू.

तुझी,
मावशी