गिऱ्हाईकाच्या हातून खराब झालेल्या वॉकीटॉकीची वॉरंटी कोणी सोसायची?

तुमची अडचण मला समजली ती अशी. सोलापुरात तुमचं वॉकीटॉकीचं दुकान आहे. एका मंगल कार्यालयवाल्यांनी नेलेल्या सेटपैकी दोन बिघडले. त्यांच्यावर ऐकू येतं, पण बोललेलं पलीकडे जात नाही. सर्व्हिस सेंटर फोनवर म्हणालं, ‘पाणी गेलंय, वॉरंटी नाही.’ गिऱ्हाईक म्हणतं, वर्षाची वॉरंटी आहे, बदलून द्या. मग भुर्दंड कोणाचा?

मी याच गावात सेट दुरुस्त करतो, वॉरंटीची कामंही करतो. खराबी गिऱ्हाईकाच्या हातून झाली असेल तर खर्च त्याचा, यात वाद नाही. पण तसं झालं हे दाखवून द्यायचं काम वॉरंटी नाकारणाऱ्याचं आहे, आणि तुमच्या बाबतीत ते अजून कोणी केलेलंच नाही. फोनवरचं एक वाक्य म्हणजे तपासणी नव्हे.

आधी सेटच्या डब्यावर काय छापलंय ते बघा. धूळ-पाणी किती सोसतो ते सांगणारा आयपीचा आकडा तिथे असतो. आयपी54 असेल तर धूळ आणि अंगावर उडालेलं पाणी एवढंच तो सोसतो. आयपी67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी67 म्हणून विकलेला सेट वाढप्याच्या हातून बादलीत पडला, लगेच काढला आणि तरी आत पाणी गेलं, तर गिऱ्हाईकाने वावगं काय केलं? तो दोष कंपनीचाच. मात्र बॉडीला चीर असेल, कोणी मधेच सेट उघडून रबर नीट बसवलं नसेल किंवा इअरफोनच्या जॅकवरचं झाकण उघडं असेल, तर तो आकडा कामाचा राहत नाही. कार्यालयातल्या पोरांच्या सेटवर ते झाकण कायम लोंबकळतच असतं म्हणा. त्यामुळे उघडलेल्या बोर्डाचे फोटो मागा. पाणी मुरलेल्या बोर्डावर हिरवट-पांढरा थर धरतो, तो लपत नाही. नुसतं आतलं, ओल लागली की रंग बदलणारं स्टिकर लाल झालंय एवढ्यावर मी तरी कोणाची वॉरंटी मारणार नाही.

खरं सांगू, ऐकू येतं पण बोललेलं जात नाही म्हटलं की मला पाण्याआधी फायनलचा, म्हणजे आवाज बाहेर पाठवायची पॉवर देणाऱ्या शेवटच्या भागाचा संशय येतो. अँटेना ढिला असताना किंवा दुसऱ्याच बँडचा, म्हणजे वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा, लावून बटण दाबून बोलत राहिलं, की बाहेर जायची पॉवर उलटी परत येते आणि फायनलचा ट्रान्झिस्टर तापून उडतो. रेंज वाढावी म्हणून गिऱ्हाईकाने बाजारातून लांब अँटेना आणून लावला असेल तर दुरुस्ती त्याच्या खिशातून. पण तोच अँटेना तुम्ही विकला असेल, किंवा तुमच्या माणसाने बसवून दिला असेल, तर कंपनीकडे बोट दाखवू नका. ते तुमच्या अंगावर आहे. विकताना ‘पडला-भिजला तरी आम्ही बघून घेऊ’ असं बोलला असाल तर तेही तुमचंच. आणि कंपनीची भारतातली वॉरंटी नसलेला, परस्पर बाहेरून आलेला माल असेल तर पहिल्या दिवसापासून वॉरंटी म्हणजे तुम्हीच.

गिऱ्हाईक नाराज नको म्हणून ‘आपोआप बंद पडला’ असं लिहून क्लेम पाठवायचा मोह सगळ्यांनाच होतो. संक्रांतीची आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की माझ्या टेबलावर येणारे बटण तुटलेले, धुळीने भरलेले सेट सगळे आपोआपच बंद पडलेले असतात! कंपनी सेट उघडते, क्लेम फेटाळते आणि रक्कम डीलरच्या खात्यातून वळती करते. पुढच्या खऱ्या क्लेमकडेही मग संशयाने बघितलं जातं.

कायद्याचं म्हणाल तर बिल तुमचं आहे, त्यामुळे ‘कंपनीकडे जा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली गिऱ्हाईक राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्याच ग्राहक आयोगात, तुम्हाला आणि कंपनीला दोघांनाही खेचू शकतो. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू नाही हे खरं, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला त्यातून सूट आहे. तेव्हा त्या पळवाटेच्या भरवशावर राहू नका.

आता सर्व्हिस सेंटरकडून सही-शिक्क्याचा अहवाल फोटोंसकट घ्या. त्यात गिऱ्हाईकाची चूक स्पष्ट दिसली तर तो त्यांच्यासमोर ठेवून दुरुस्तीचा आकडा सांगा. तुमच्या जागी मी मजुरी सोडेन, पार्टचे पैसे घेईन. अहवाल मोघम असेल तर कंपनीशी भांडा, गिऱ्हाईकाशी नको.

आणि यापुढे सेट आला की तो देणाऱ्यासमोरच तपासा. चीर, झाकण, अँटेना, सगळं जॉबशीटवर लिहा, सही घ्या, फोटो काढा. बिलावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहा. बहुतेक वेळा तिची मुदत सेटपेक्षा कमी असते आणि पुढचं भांडण तिच्यावरूनच व्हायचंय.