आधी त्याचं वाक्य

प्रिय,

पाकीट परवा मिळालं. पाचवीच्या मुलांचं हस्तलिखित आणि वर तुझी चिठ्ठी: ‘बाई, सगळ्यांना छान लिहिलं की खोटं वाटतं. चुका दाखवल्या की पोरं पुढच्या वेळी चार ओळींत आटोपतात. मग लिहू तरी काय?’

मुलाच्या लेखनातलं एक वाक्य उचल. त्याच्याच शब्दांत शेऱ्यात लिही. मग खाली तुला काय म्हणायचं ते म्हण. आधी त्याचं वाक्य, मग तुझं.

‘छान’ लिहायला वही वाचावी लागत नाही, हे मुलांना आपल्याआधी कळतं. हस्तलिखिताच्या शेवटी अभिप्रायाची कोरी पानं ठेवतो ना आपण? येणारा प्रत्येक पाहुणा तिथे ‘स्तुत्य उपक्रम’ लिहून चहाकडे वळतो. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाला वर्षभर सगळ्या अंगांनी जोखायची पद्धत आली आणि त्याबरोबर प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदी आल्या, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पुढे तयार नोंदींच्या याद्याच हातोहात फिरल्या. ‘स्वतःचे अनुभव सांगतो.’ वर कुठल्याही मुलाचं नाव घाला, चालतं. अगं, अनुभव सांगतो, पण कोणता?

मी काही शहाणी जन्मले नव्हते. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका मुलाने ‘पावसाळा’ या निबंधात लिहिलं होतं, ‘पाऊस आला की आमच्या घरात तीन पातेली वाजतात, चौथं शेजारून आणतो.’ मी ‘पातेली’ची वेलांटी लाल शाईने दुरुस्त केली आणि समासात लिहिलं, ‘विषयांतर टाळा.’ सहामाहीला त्याने निबंधमालेतला पावसाळा उतरवला. मोर, इंद्रधनुष्य, हिरवा शालू, सगळं जागच्या जागी. त्याला मी दहापैकी आठ दिले. त्या आठ गुणांची मला अजून लाज वाटते. गळक्या छपराखालचं पोर हिरव्या शालूवर लिहायला लागलं, ते माझ्यामुळे.

तेव्हापासून लाल पेन बंद, शिसपेन सुरू. वरिष्ठांनी तपासणीत विचारलं, ‘चुका का दाखवल्या नाहीत?’ दाखवल्या होत्या. मुलाचं वाक्य उचलताना शब्द त्याचेच ठेवायचे, ऱ्हस्व-दीर्घ तेवढे नीट लिहायचे. मूल दोन्ही वाक्यं ताडून बघतंच. माझ्या वर्गांचं शुद्धलेखन कच्चं राहिलं असं गावात अजून म्हणतात. म्हणोत बापडे. थोडं राहिलंही असेल. पण माझी मुलं पानभर लिहायची, आणि कोऱ्या पानावर शुद्धलेखन कोणी शिकवून दाखवावं.

आणि शेऱ्याशेजारी गुण देऊ नकोस. 1988 मध्ये रूथ बटलर या संशोधक बाईंचा इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही दिलं होतं. नुसता शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं, गोडीही टिकली. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच रांगेत गेली. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? तू तरी वाचायचीस का? परीक्षेला गुण द्यावेच लागतात, ते तिथे दे. हस्तलिखितावर कशाला?

वेळ नाही, असं आता म्हणशील. बेचाळीस मुलं आहेत तुझी. मग रोज सातच वह्या घे, सहा दिवसांत वर्ग होतो. सगळ्या एका रात्रीत संपवायला बसलीस की पंधराव्या वहीपासून ‘छान’ सुरू होतं. माझं व्हायचं. आणि एखाद्या वहीत उचलण्याजोगं वाक्यच सापडलं नाही तर ती वही पुन्हा वाच. तरी नाही सापडलं तर मुलाला जवळ बोलावून विचार, यातलं तुझं कोणतं? चिडू नकोस, पण चिठ्ठीतला तुझा वैताग मला मुलांबद्दलचा कमी आणि तपासण्याच्या ढिगाबद्दलचा जास्त वाटला. माझाही तसाच असायचा.

अकराव्या पानावरची मुलगी लिहिते, ‘आजी भांडायला जाते तेव्हा आधी नथ काढून ठेवते.’ त्याखाली तू लिहिलंयस, ‘उत्तम निरीक्षण.’ खोड ते. तिचं वाक्य लिही आणि विचार, नथ ठेवते कुठे? काय उत्तर आलं ते मलाही कळव.

तुझी,
बाई