स्कॉटलंडला येताना: मुलाची मदत देश ठरवत नाही, कौन्सिल ठरवते

तुमचा प्रश्न असा: नोकरी एडिनबर्ग किंवा ग्लासगोत मिळू शकते, मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहेत. स्कॉटलंडमध्ये आता सगळी सोशल केअर (अपंग, वृद्ध, मुलं यांना रोजच्या जगण्यात मिळणारी सरकारी मदत) 'नॅशनल केअर सर्व्हिस' या देशभरच्या एकाच सेवेकडे गेली आहे असं तुम्ही ऐकलंय, म्हणजे कुठेही राहिलं तरी मुलाला सारखीच मदत मिळेल का?

नाही मिळणार. ती राष्ट्रीय सेवा उभीच राहिली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये डेरेक फीली यांच्या समितीचा अहवाल आला. तो फक्त प्रौढांच्या केअरबद्दल होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने लोकांची मतं मागवली, तेव्हा त्यात मुलांच्या सेवाही घातल्या. त्यावर बराच विरोध झाला. जून 2022 मध्ये विधेयक मांडलं, तेव्हा मुलांचं 'आधी सल्लामसलत, मग निर्णय' असं मागे ठेवलं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने राष्ट्रीय रचनेचा भागच सोडून दिला. जूनमध्ये जो कायदा मंजूर झाला, त्याचं नाव 'केअर रिफॉर्म'. घरी सांभाळ करणाऱ्यांना विश्रांतीचा हक्क, केअर होममधल्या माणसाला भेटण्याचा हक्क अशा गोष्टी त्यात आहेत. मुलांचं सोशल वर्क, म्हणजे मुलाची गरज तपासून मदत ठरवणारं काम, होतं तिथेच, 32 कौन्सिलांकडे (स्थानिक प्रशासनांकडे) राहिलं.

माझ्या मते हे योग्यच झालं. तुमच्या मुलाचा दिवस शाळेत जातो. शाळा, शाळेची गाडी, वर्गातला मदतनीस, शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ हे सगळं कौन्सिलचं. शिक्षण राष्ट्रीय सेवेत न्यायचा प्रस्ताव कधीच नव्हता. मग एकटं सोशल वर्क तिकडे नेलं असतं, तर ते शाळेपासून तुटलं असतं आणि वृद्धांच्या केअरच्या प्रचंड खर्चाशेजारी जाऊन बसलं असतं. शेजारचे अनुभव बघा. आयर्लंडमध्ये मुलांच्या सेवा देशभरच्या आरोग्य यंत्रणेत होत्या. त्या बाहेर काढून 2014 मध्ये टुस्ला ही वेगळी संस्था केली. उत्तर आयर्लंडमध्ये 1973 पासून आरोग्य आणि सोशल केअर एकाच छताखाली आहेत. तिथल्या 2023 च्या रे जोन्स अहवालानेही मुलांसाठी वेगळी संस्था करा, अशीच शिफारस केली. दोन्हीकडे दुखणं एकच: हॉस्पिटलच्या खाटा आणि वृद्धांच्या रांगा यांच्यापुढे मुलांकडे वरिष्ठांचं लक्ष जात नाही.

राष्ट्रीय सेवा मागणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत. एक, कौन्सिल बदलली की मुलाचं मूल्यमापन पुन्हा पहिल्यापासून होऊ शकतं. दोन, प्रौढ सेवांकडे जाताना मुलं मधेच गळतात. या दोन्हींसाठी देशभर एकच बंधनकारक नियम हवा. त्यासाठी सेवा उचलून दुसरीकडे न्यायची गरज नाही. तो नियम येईपर्यंत तुम्हालाच जपून राहावं लागेल.

आता तुमची दोन शहरं. 2014 च्या कायद्याने प्रौढांची केअर कौन्सिल आणि एनएचएस (सरकारी आरोग्य सेवा) यांच्या संयुक्त मंडळाकडे देणं सक्तीचं झालं, मुलांची ऐच्छिक राहिली. ग्लासगोने मुलांचं सोशल वर्कही संयुक्त भागीदारीकडे दिलं आहे. शाळा मात्र कौन्सिलच्या शिक्षण खात्याकडे. एडिनबर्गमध्ये शाळा आणि मुलांचं सोशल वर्क दोन्ही कौन्सिलकडे. म्हणजे एडिनबर्गमध्ये आज शाळेशी जुळवणं सोपं, पण पुढे प्रौढ सेवेकडे जाताना संस्था बदलते. ग्लासगोत उलट. मुलगा तेराचा आहे, तीन वर्षांत तो टप्पा येतोच, म्हणून माझा कल थोडा ग्लासगोकडे. पण हव्या त्या शाळेत जागा मिळत असेल, तर शाळा बघूनच घर ठरवा.

स्पेशल स्कूल हवी असेल तर 'प्लेसिंग रिक्वेस्ट', म्हणजे ठरावीक शाळेत जागा मागणारा अर्ज, करावी लागते. शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होतात. अर्ज 15 मार्चपर्यंत दिला तर कौन्सिलने 30 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. नंतर दिला तर दोन महिने धरा. पाहिजे ती शाळा मे महिन्यात विचारायला गेलात, तर जागा बहुधा भरलेल्या असतात.

भारतातून येताना यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) आणा, पण त्यावर इथे काही मिळत नाही. उपयोग होतो तो पूर्ण रिपोर्टांचा: कोणती चाचणी, कोणत्या वर्षी, किती गुण, आणि चाचणी मराठीत झाली की इंग्रजीत. भाषा लिहिलेली नसेल तर इथली स्पीच थेरपिस्ट मुलाचं आकलन कमी धरू शकते. औषधं ब्रँडच्या नावाने लिहू नका. डॉक्टरांकडून मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या.

पैशांची बाजू आधीच समजून घ्या. वर्क व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असते, म्हणजे एका यादीतले सरकारी भत्ते घेता येत नाहीत. चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट (अपंग मुलांसाठीचा भत्ता) त्या यादीत येतं, त्यामुळे त्याचा अर्ज करू नका, व्हिसाला बाधा येऊ शकते. शाळा, एनएचएस आणि सोशल वर्ककडून मिळणारी मदत त्या यादीत नाही. हे नीट न कळल्यामुळे आपली कितीतरी कुटुंबं सोशल वर्कचं दार वाजवतच नाहीत.

ते दार असं वाजवा. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी झाली की मुलांच्या सोशल वर्क विभागाला ईमेल करा: 'चिल्ड्रन (स्कॉटलंड) ॲक्ट 1995, कलम 23 खाली मूल्यमापन करावं.' पालकाने मागितलं की मूल्यमापन करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. मदत किती द्यायची, हे मात्र तिच्या स्थानिक निकषांवर ठरतं. फोनवर मागू नका, तारीख राहत नाही. आईवडिलांसाठी 2016 च्या केअरर्स कायद्याखाली 'ॲडल्ट केअरर सपोर्ट प्लॅन' वेगळा मागा.

मूल्यमापनाच्या भेटीपूर्वी सात दिवसांची वही लिहा. रात्री किती वाजता उठला, कोण जागं राहिलं, आंघोळीला किती माणसं लागली, घराबाहेर पळाला का. आपल्याकडे पाहुण्यासमोर 'तसं काही नाही, आम्ही सांभाळतो' म्हणायची रीत आहे. तेच वाक्य फॉर्ममध्ये उतरतं आणि मदतीचे तास शून्य होतात. सर्वांत वाईट दिवस जसाच्या तसा सांगा. मदत मंजूर झाली की चार पर्याय असतात: पैसे तुमच्या हातात घेऊन माणूस ठेवणं, पैसे संस्थेकडे ठेवून निर्णय तुम्ही घेणं, सगळं कौन्सिलने करणं, किंवा यांचं मिश्रण. पहिल्या पर्यायात तुम्ही मालक ठरता, पगारपत्रक आणि रजा तुमच्या अंगावर येतात. नव्याने आलेल्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात करावी.

नकार आला तर कौन्सिलकडे तक्रार करा: पहिल्या पायरीला 5 कामाचे दिवस, दुसरीला 20, त्यानंतर लोकसेवा ओम्बड्समन (स्वतंत्र तक्रार अधिकारी).

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 7 नोव्हेंबर 2020 पासून इथे मुलाला शिस्तीसाठी चापट मारणंही गुन्हा आहे. मुलगा स्वतःला मारून घेत असेल किंवा डोकं आपटत असेल, तर शाळेला पहिल्या भेटीतच लेखी कळवा आणि घरी तारखांसह नोंद ठेवा. न बोलणाऱ्या मुलाच्या अंगावर वळ दिसला, तर चौकशी करणं शिक्षकांचं कामच आहे.

आणि सोळावा वाढदिवस. भारतात अठरा, इथे सोळा. त्या दिवशी त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा तुमचा कायदेशीर अधिकार संपतो. पुढे डॉक्टर, राहण्याची जागा, केअर यांबद्दल तुमचा शब्द चालायला हवा असेल, तर स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढांसाठीच्या 2000 च्या कायद्याखाली शेरिफ कोर्टातून (स्थानिक न्यायालयातून) 'गार्डियनशिप', म्हणजे कायदेशीर पालकत्व, घ्यावी लागते. अर्ज वाढदिवसाच्या तीन महिने आधी करता येतो. डॉक्टरांचे दोन रिपोर्ट लागतात आणि कौन्सिलच्या मेंटल हेल्थ ऑफिसरचा (खास प्रशिक्षित सोशल वर्करचा) एक. डॉक्टरांनी अर्जाच्या आधीच्या 30 दिवसांत तपासलेलं असावं, असा नियम आहे. ऑफिसरला कायद्याने 21 दिवस असतात, पण माणसं कमी असल्याने उशीर होतो, तोवर डॉक्टरांचे रिपोर्ट जुने होतात आणि पुन्हा काढावे लागतात. म्हणून आधी ऑफिसरची तारीख पक्की करा, मग डॉक्टरांची वेळ घ्या. वकील पंधराव्या वर्षीच गाठा. या अर्जासाठी सरकारी कायदेशीर मदत उत्पन्न न बघता मिळू शकते, हे त्याला विचारा.

भाडेकरार करण्याआधी दोन्ही शहरांना एकच ईमेल पाठवा: मुलांचं अपंगत्व पथक कोणत्या वयापर्यंत सांभाळतं, प्रौढ पथक कोणत्या वयापासून घेतं, आणि मधल्या काळात जबाबदार अधिकारी कोण. उत्तर लेखीच घ्या.