पहिल्यांदाच जुनी फोर बाय फोर गाडी घ्यायची आहे. कोणती घ्यावी आणि घेताना काय बघावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुण्यात राहता, वेल्ह्याच्या पुढे थोडी शेती घेतलीय, डांबरी संपल्यावर शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात नुसता चिखल असतो, बजेट सात लाख आहे आणि मन थारवर बसलंय. मी कोल्हापूरचा. गगनबावड्याच्या बाजूला आमचं रान आहे, तिथला पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. आजवर तीन जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशा गाड्या) वापरल्या आणि पहिली घेताना सपशेल तोंडावर आपटलो. कोणती घ्यावी हे नंतर सांगतो, आधी ते आपटणं ऐका.

गाडी साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांची होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. रंग आरशासारखा, सीटवर अजून प्लॅस्टिक. मी विचारलं, "फोर बाय फोर नीट लागतं ना?" त्यावर काका अभिमानाने म्हणाले, "अहो, एकदासुद्धा लावलेलं नाही. नऊ वर्षांत हात नाही लावला त्या दांड्याला." मला वाटलं, वा, कोरी करकरीत यंत्रणा मिळाली. तिथेच टोकन देऊन मोकळा झालो.

जुलैत रानाच्या चढावर गाडी रुतली. फोर बाय फोर लावायचा छोटा दांडा ओढला तर हलेना. दोन्ही हातांनी, पाय डॅशबोर्डला लावून ओढला तेव्हा खट्कन बसला आणि समोर हिरवा दिवाही लागला. हुश्श म्हणून क्लच सोडला. मागची चाकं गरागरा फिरून चिखल उडवायला लागली आणि पुढची दोन फोटोत असल्यासारखी जागेवर. शेवटी शेजारच्या पाटलांनी ट्रॅक्टर आणून टोचन लावलं. दोर बांधता बांधता ते म्हणाले, "चार चाकं हाईत म्हणून फोर बाय फोर म्हणायचं व्हय हिला?" हे वाक्य आमच्या गावात अजून चालू आहे.

मिस्त्रीने खोललं तेव्हा कळलं की पुढची दोन्ही हब (चाक शाफ्टला जोडणारे भाग) आतून गंजून धरली होती, ग्रीसचा दगड झाला होता आणि ट्रान्सफर केसमधलं (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतलं) तेल बहुधा कंपनीतून आलेलंच होतं. ही यंत्रणा महिन्यातून एकदा तरी मातीवर लावून पाच-सात मिनिटं फिरवायची असते, म्हणजे आत तेल खेळतं, सील सुकत नाहीत. नऊ वर्षं न लावलेली फोर बाय फोर ही नऊ वर्षं न उघडलेल्या कुलपासारखी असते.

म्हणून विकणारा "कधी लावलंच नाही" म्हणाला की मी आता सावध होतो. उलट टोकाचा माणूसही नको. दर रविवारी खड्ड्यात उड्या मारणारा, बंपरवर विंच, छतावर लाइटची माळ, असल्या गाडीचा चेसिस आधी बघा. मला सगळ्यात भरवशाची गाडी मिळाली ती आजऱ्याच्या एका काजूवाल्याकडून. बाहेरून ओरखडेच ओरखडे, पण डिफरन्शियलचं (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) तेल कधी बदललं ते वहीत तारखेनिशी लिहिलेलं. गाडी निवडताना मॉडेलपेक्षा आधीचा मालक निवडा, असं मी म्हणतो ते यामुळेच.

आता तपासायचं कसं? सकाळी जा आणि गाडी गरम करून ठेवू नका असं आदल्या दिवशीच सांगा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतंय हे लपवलेलं असू शकतं. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण उघडायला लावा. तिथून इंजिनच्या ठोक्याबरोबर जोरात वाफ फेकत असेल तर रिंग गेल्यात, नमस्कार करून निघा. पण हे कुठल्याही डिझेल गाडीला लागू आहे. तुम्हाला फोर बाय फोरसाठी जास्तीचं करायचंय ते असं.

गाडी डांबरीवरून मुरमावर किंवा गवतावर घ्या. उभी करून आधी फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा. मग न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून फोर-लो (चारही चाकं, वेग कमी, ताकद जास्त). थोडं अडखळलं तर एक-दोन फूट मागेपुढे करा, दात जुळायला तेवढं लागतं. मग फोर-हायमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश दोन-तीन मीटर चालवा. गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडली पाहिजे, चाकं मुरूम खरवडली पाहिजेत. लोक याला बिघाड समजतात, पण हीच निरोगीपणाची खूण आहे. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण बांधलेले असल्याने ते जमत नाही, म्हणून गाडी आखडते. मातीवर चाक घसरून तो ताण निघून जातो. कोरड्या डांबरीवर निघत नाही, तो ट्रान्सफर केसवर आणि क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यांवर) बसतो. म्हणून फोर-हाय लावून हायवेवर "ग्रिप चांगली मिळते" म्हणत फिरणाऱ्याची गाडी घेऊ नका. वळवताना गाडी अजिबात आखडली नाही, लोण्यासारखी फिरली, तर पुढचा अ‍ॅक्सल जोडलाच गेलेला नाही, दिवा काहीही सांगो.

खात्री करायची असेल तर जॅक काढा. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढचं एकच चाक उचला. टू-हायमध्ये (फोर बाय फोर न लावता) ते हाताने मोकळं फिरेल. आता फोर-हाय लावून पुन्हा फिरवा (काही गाड्यांची हब व्हॅक्यूमवर चालतात, तिथे इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवावं लागतं, गाडीखाली मात्र कुणी जायचं नाही). चाक थोडं हलून अडलं पाहिजे. तरीही गरगर फिरलं तर समजा, माझ्या त्या पहिल्या गाडीची बहीण आहे.

मिस्त्री बरोबर न्याच. त्याला दोन्ही डिफरन्शियलच्या भरायच्या बोल्टातून बोट आत घालायला सांगा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी ओढ्यात डुंबलीय आणि नंतर कुणी बघितलेलं नाही. पुढच्या शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का बघा. पूर्ण वळवून चालवताना कट-कट आवाज आला तर सांधे गेलेत. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील तर फोर बाय फोर लावल्यावर तो फरक ट्रान्सफर केसलाच सोसावा लागतो.

खाली वाकून चेसिस बघा, लाजू नका. कोकणात किनाऱ्यावर वाळूत पळवलेल्या गाड्यांना वरून रंग मारून आणतात. स्प्रिंगच्या पाट्या जिथे चेसिसला अडकवतात त्या शॅकलजवळ आणि चेसिसच्या आतल्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं की पापुद्रे पडतात. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आणि चिपळूणचा २०२१ चा, त्यातल्या गाड्याही बाजारात आल्याच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा हातभर स्वच्छ आणि आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ, असं मी स्वतः बघितलंय.

आता तुमची थार. पहिली गोष्ट, थार दिसली म्हणजे ती फोर बाय फोर असतेच असं नाही. जानेवारी २०२३ पासून ती मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, आणि जुन्या डीआय (साध्या डिझेल इंजिनच्या) थारमध्येही टू-व्हील ड्राइव्ह होती. फोर बाय फोरचा बिल्ला बाजारात मिळतो, गिअरशेजारचा दुसरा दांडा मिळत नाही. तो बघा. २०२० च्या ऑक्टोबरात आलेली नवी थार सात लाखांत बसणं अवघड, कमी पैशात मिळाली तर का मिळतेय ते आधी शोधा. तुमच्या बजेटची ती २०१० ते २०२० मधली सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल इंजिनची थार). इंजिन दणकट, मिस्त्री गावोगावी. २०१५ च्या बदलानंतरच्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला आपोआप लागणारा, दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर आहे. चिखलात तो फार कामाचा, कारण एरवी एक चाक हवेत किंवा निसरड्यावर आलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते. पण एअरबॅग नाहीत, मागे बसणाऱ्याची कंबर हिशेब मागते, आणि पुणे-वेल्हे रस्त्यावर वरचं कापडी हूड फडफडत राहतं. घरचे नाखूश होणार, हे धरून चाला.

मारुतीची जिप्सी मला मनापासून आवडते. टनाच्या आसपास वजन, त्यामुळे जड गाड्या रुततात तिथून ती शेळीसारखी निघून जाते. पण पेट्रोल पिते, पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, आणि उत्पादन बंद होऊन वर्षं झाली. रोजची एकमेव गाडी म्हणून नको. जिम्नी तिचीच पुढची पिढी, पण २०२३ ची असल्याने तुमच्या बजेटच्या वर जाईल. फोर्सच्या गुरखाला दोन्ही अ‍ॅक्सलना लॉक असतात, चिखलात तिला तोड नाही, पण दीड किलोमीटरसाठी हत्ती पाळण्यासारखं होईल.

तुमच्या जागी मी असतो तर रेनॉची डस्टर एडब्ल्यूडी (डस्टरचं चारही चाकांवर चालणारं मॉडेल) शोधली असती. २०१४ मध्ये आली, तीत लो-रेंज (म्हणजे फोर-लो) नाही, मात्र पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलाय. पुण्यात रोज चालवायला मोटारीसारखी, रविवारी चिखलात जाणारी. बटण 'लॉक'वर फिरवायचं आणि जायचं. मोठे धोंडे किंवा उभा चढ असेल तर ती नाही, तिथे थारच. सुट्या भागांची चौकशी घेण्याआधी तुमच्या मिस्त्रीकडे करा.

कागदांचं थोडक्यात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या फोर बाय फोर इकडे स्वस्तात येतात. गाडी वाईट असेलच असं नाही, पण आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई वितळते. महाराष्ट्र पासिंग झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सरकारच्या 'वाहन' साइटवर नंबर टाकून बँकेचा बोजा बघा. चेसिस नंबर कागदावरून नाही, खाली वाकून चेसिसवरून वाचा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर नूतनीकरणाची तपासणी आणि ग्रीन टॅक्स तुमच्या डोक्यावर येणार, तो भावातून वजा करून घ्या. टायर मोठे टाकलेले किंवा उंची वाढवलेली असेल तर तपासणीत तिथेच अडवतील.

सातच्या सात लाख गाडीत घालू नका. सहापर्यंत थांबा. पहिल्या महिन्यात सगळी तेलं, टायर, शॉकअप, क्रॉस यातच पैसे जातात, आणि ते आनंदाने जाऊ देत. टायर साधेच असतील तर फोर बाय फोर असूनही तुम्ही चारही चाकांनी एकदम घसराल, एवढाच फरक.

आणि एक विचारायचं राहिलं. तो दीड किलोमीटर काळ्या मातीचा आहे की तांबड्या? चढ किती, मध्ये ओढा आहे का? पावसाळ्यातला एखादा फोटो कमेंटमध्ये टाका. कदाचित दहा डंपर मुरुमात काम होईल आणि साधी बोलेरोही पोचेल.