सोलापुरातून ब्राझील शिकवताना

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. मोबाईलवर एवढं उत्तर टाइप करणं माझ्या बोटांना जमणार नाही, म्हणून कागदच घेतला. नातवाकडून फोटो काढून पाठवीन, अक्षर लावून घे.

इंग्रजीच्या तासांबरोबर दहावीचा भूगोल गळ्यात पडला म्हणून तू घाबरली आहेस. पुस्तक उघडलं की भारत आणि ब्राझील, ब्राझील आणि भारत. ‘बाई, मी पुण्याच्या पुढे गेलेली नाही, मुलांना ब्राझील काय सांगू?’ असं विचारलंस. अगं, मी एकतीस वर्षं जग शिकवलं आणि माझा सगळ्यात लांबचा प्रवास कन्याकुमारीचा. तोही शाळेच्या सहलीचा. चोपन्न पोरं मोजता मोजता तिथला समुद्रसुद्धा धड पाहिला नाही. तेव्हा त्याचं मनावर घेऊ नकोस. मला काळजी वाटते ती तुझ्या मेसेजच्या शेवटच्या ओळीची. ‘राजधानी, चलन, भाषा, मुख्य पीक असा तक्ता करून पाठ करून घेऊ का?’ तो तक्ता मीही सुरुवातीची आठ-नऊ वर्षं करून घेतला. मार्क मिळाले. मुलांच्या डोक्यात मात्र जग म्हणजे गाळलेल्या जागा भरायचा कागद झालं.

पहिल्या तासाला ब्राझील काढूच नकोस. भिंतीवर नकाशा लाव आणि सोलापूरवर बोट ठेव. आपण साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तरेला आहोत. तिथून बोट सरळ पश्चिमेकडे ने. महाबळेश्वर येतं, मग दापोली. तिन्ही जवळपास एकाच अक्षांशावर. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे, आणि आपल्याकडे सहाशेच्या आतबाहेर. महाबळेश्वर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही. तिथे लोक पावसाळाभर खिडकी उघडत नाहीत आणि आपण जुलैत उघडतो ती ढग आलेत का बघायला. सह्याद्री उभा आहे म्हणून. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराच्या आडचा कमी पावसाचा पट्टा, हा शब्द मुलांना सहावी-सातवीपासून माहीत असतो, पण आपण त्या छायेत राहतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग तेच बोट जगभर फिरव. अठरा अंशांच्या जवळपास मॉरिटानियाची राजधानी नुआकशॉत आहे, तिथे वाळू. लाओसची राजधानी व्हिएन्तियान, तिथे मेकाँग नदी आणि भातशेती. जमैकाची किंग्स्टन, तिथे चारी बाजूंनी समुद्र. सूर्य सगळ्यांना सारखाच तापवतो, मग गावं सारखी का नाहीत? उत्तर देऊ नकोस. फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेव आणि आठवडाभर पुसू देऊ नकोस. शिपायालाही सांगून ठेव, नाहीतर तो पहिल्याच दिवशी पुसतो.

मैदानात काठी रोवण्याचा प्रयोगही एकदा कर. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळा बंद, ऑगस्टमध्ये ढग. पण आपण पर्जन्यछायेतले, ऊन पडायची आशा ठेवायला हरकत नाही. काठीची सावली नाहीशी होते तेव्हा घड्याळात बारा नसतात, साडेबाराच्या सुमारास असतात. मुलं म्हणतात घड्याळ चुकलं. मग सांग, आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. आपण शहात्तरच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वीस-सत्तावीस मिनिटांचा फरक इथेच पडला. वर्गात एखाद्याचा मामा सौदीला असतोच. त्याचा फोन रात्री उशिरा का येतो, आपल्याकडे साडेदहा वाजले असताना तो आठ का म्हणतो, हे तो मुलगा मग स्वतःच फळ्यावर मांडून दाखवतो.

आता ब्राझील. पुस्तकात ‘अवर्षण चतुष्कोन’ असा शब्द येतो. मुलांच्या लेखी ते एका मार्काचं उत्तर. मीही कित्येक वर्षं तसंच शिकवलं. एका वर्षी मात्र पाऊस नव्हता, शाळेत टँकर येत होता, आणि मी फळ्यावर ब्राझीलच्या ईशान्येचा चौकोन काढत होते. अटलांटिकवरून येणारे वारे किनाऱ्याकडच्या चढावर पाऊस टाकून मोकळे होतात आणि आतल्या मुलखाला कोरडे पोचतात, असं सांगताना मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, म्हणजे ते पण सोलापूरच की!’ वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. त्या पोराने माझी नऊ वर्षांची टिपणं एका वाक्यात मोडीत काढली होती.

त्यानंतर मी तो धडा असा शिकवायला लागले. त्या कोरड्या भागातल्या काटेरी रानाला काटिंगा म्हणतात. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेत त्याचा अर्थ पांढरं रान. कोरड्या महिन्यांत पानं गळतात आणि नुसते फिकट बुंधे उरतात. नान्नजच्या माळावर एप्रिलमध्ये गेलेल्या मुलाला हे चित्र लगेच दिसतं. आपल्याकडे बाभळ आणि बोर, तिकडे निवडुंगाचे मोठाले प्रकार, पण पाणी धरून ठेवायची युक्ती दोन्हीकडे तीच: पान लहान, काटा मोठा.

आणि मग १८७७ साल सांग. हे पुस्तकात नाही, पण याच्याशिवाय मी तो धडा पुन्हा कधी घेतला नाही. १८७६ ते ७८ मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, त्यात सोलापूर जिल्हा होरपळला. त्याच सुमारास, १८७७ ते ७९ मध्ये, ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा प्रांतात इतका भयंकर दुष्काळ पडला की तिथे तो आजही ‘मोठा दुष्काळ’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच वर्षांत उत्तर चीनही उपाशी होता. तीन मुलूख, तिघांना एकमेकांचं नावही माहीत नाही. पण प्रशांत महासागराचं पाणी तेव्हा नेहमीपेक्षा फार तापलं होतं. त्यालाच आज आपण एल निनो म्हणतो. तिकडे समुद्र तापला आणि इकडे भीमेच्या काठची ज्वारी करपली. अर्थात पाऊस नव्हता एवढ्यानेच माणसं मेली नाहीत. धान्य कुठे होतं, कुणाच्या हातात होतं, ते बाहेर का जात होतं, हेही सांग. इथे इतिहासाच्या शिक्षकांना तासाला बोलाव. ते येणार नाहीत, पण बोलाव.

माणसं मग कुठे गेली? सेआरातली पुष्कळ माणसं ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढायला गेली, पुढच्या काळात साओ पाउलोच्या कारखान्यांत गेली. आपल्याकडे त्याच सुमारास ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली, आणि पुढची कित्येक वर्षं तेलंगणातून पद्मशाली विणकर कामासाठी येत राहिले. तुझ्या वर्गातली निम्मी आडनावं त्या वाटेने आलेली असतील. त्या मुलांना गृहपाठ दे: आजीला विचारा, आपलं गाव कोणतं, कोण पहिल्यांदा आलं, कशाला आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात स्थलांतर या शब्दाची व्याख्या लिहायची गरज उरत नाही. एका मुलीच्या आजीला गावाचं नाव आठवलं नव्हतं. ‘तिथे तळं होतं’ एवढंच आठवलं. ते मी फळ्यावर लिहिलं.

आता थोडं जपून वागायची गोष्ट. जगातल्या संस्कृती शिकवताना सगळ्यात सोपी वाट म्हणजे गंमत. अमुक देशात हे खातात, तमुक देशात ते घालतात. वर्ग खूश होतो. मीही ते करत असे. एकदा सातवीला जपान शिकवताना कच्च्या माशाचं सांगितलं आणि अख्खा वर्ग एका सुरात ‘ईऽऽ’ म्हणाला. मीही हसले. तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने मान खाली घातलेली दिसली. मधल्या सुट्टीत कळलं की आदल्याच आठवड्यात त्याच्या डब्यातल्या सुकटीला याच वर्गाने असंच ‘ई’ म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तो डबा न उघडता घरी नेत होता.

जपानला ते ‘ई’ ऐकू जात नाही. ते शेजारच्या बाकावर पडतं. तुझ्या वर्गात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार घरांची मुलं असतील. कुणाकडे कांदाही चालत नाही, कुणाकडे मटणाशिवाय रविवार नाही. त्यामुळे ‘विचित्र’ हा शब्द माझ्या तासाला बंद होता. कुणी म्हटला तर त्याने उभं राहून त्याचं कारण शोधायचं: तिथे काय पिकतं, समुद्र किती जवळ आहे, थंडी किती, जळण कशाचं. जपानचा तीन-चतुर्थांश भाग डोंगराळ, नांगराला सपाट जमीन थोडी, चहूकडे मासळी. माणूस काय खाणार? आणि प्रत्येक गोष्टीला भूगोलाचं कारण सापडत नाही, हेही सांग. काही गोष्टी श्रद्धेच्या असतात, काही नुसत्या सवयीच्या. ‘आपण गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज उचलतो ते बाहेरच्या माणसाला कसं दिसत असेल?’ असं विचार. वर्ग थोडा वेळ गप्प होतो. तो गप्पपणा मोडू नकोस.

खाण्याची एक गंमत मात्र मी तरीही करायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, यातलं सोलापूरचं काय? ज्वारी मुळात आफ्रिकेतली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातली, ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. लसूण मध्य आशियातला. मुलांना धक्का बसतो, कारण ‘आमची सोलापुरी चटणी’ हा इथे अभिमानाचा विषय. मग एखादा म्हणतो, ‘कुटणं आपलं की!’ बरोबर आहे त्याचं. हा खेळ वर्षातून एकदाच कर, दरवेळी केलास तर मुलं फक्त खायला येतील.

क्षेत्रभेट पुस्तकातच आहे, त्यामुळे परवानगी मिळते. सगळे पंढरपूर किंवा उजनी धरण निवडतात. उजनी चांगलंच आहे, पण तू एकदा डॉ. कोटणीसांच्या स्मारकात ने. १९१० साली इथे जन्मलेला डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो, भाषा शिकतो, तिथल्या परिचारिकेशी लग्न करतो आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारतो. शिच्याच्वांग शहरात आजही त्यांचं स्मारक आहे. मुलांना स्मारकात भाषण देऊ नकोस. नकाशाची झेरॉक्स हातात दे आणि सोलापूर ते येनान, म्हणजे चीनमध्ये ते पथक पोचलं ते ठिकाण, अशी रेघ मारायला सांग. वाटेत काय काय लागतं ते त्यांनाच शोधू दे. सरळ रेघ हिमालयावर अडते आणि मग समुद्राची वाट का धरावी लागली हे कळतं.

नकाशावरून आठवलं. शाळेतला मोठा जगाचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असेल, १५६९ सालची पद्धत, खलाशांना दिशा नीट मिळावी म्हणून केलेली. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. ग्रीनलंड तर भारतापेक्षाही लहान, साडेएकवीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि आपण साडेबत्तीस लाखांच्या वर. मोसंबीची साल अखंड सोलून टेबलावर सपाट करायला सांग. ती फाटतेच. न फाटता सपाट करायची तर ताणावी लागते, आणि ध्रुवाकडे नकाशा तसाच ताणलेला असतो.

मार्कांचं विचारलंस. चाळीस मार्कांचा पेपर आहे आणि पालक विचारणारच. नकाशा भरणं, आलेखवाचन, फरक स्पष्ट करा, याचा सराव डिसेंबरपासून नेमाने घे, त्यात लाज कसली. वर लिहिलेलं सगळं पस्तीस मिनिटांच्या तासात बसत नाही. महिन्यात एखादं बसलं तरी चालेल. पहिल्या वर्षी तर एवढंही होणार नाही.

पुढच्या रविवारी घरी ये. माझ्याकडे गुंडाळलेले सात नकाशे आहेत आणि एक पृथ्वीगोल. त्याच्यावर सोव्हिएत रशिया अजून अखंड आहे आणि पोरांच्या बोटांनी सोलापूरच्या जागी रंगच उरलेला नाही. शाळेचा नवा गोल मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद असेल, हा माझा अंदाज. हा घेऊन जा. मोठी पिशवी आण, रिक्षाने जायचं असेल तर नकाशे मांडीवर आडवे धरावे लागतील.

तुझी,
बाई